न्यायनिर्णय-अहवाल

न्यायनिर्णय-अहवाल : विधितत्त्वाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे न्यायालयीन निर्णय निवडून व त्यांना शीर्षटीप जोडून प्रसिद्ध केलेले ग्रंथ अथवा नियतकालिके. इंग्लिश परंपरेतील विधिपद्धतीत कायद्याची दोन प्रमुख उगमस्थाने मानली जातात : विधिमंडळाने केलेला संविधी आणि वरिष्ठ न्यायालयाचा अनुसरणीय असा पूर्वनिर्णय. संविधी राजपत्रात मिळतो. पूर्वनिर्णय मात्र अहवालांत शोधावा लागतो. त्यामुळे विधिसंशोधनाची प्राथमिक परिभाषा बव्हंशी या अहवालांच्या इतिहासातून घडली आहे.

इंग्लंडमध्ये तेराव्या शतकाच्या अखेरीपासून १५३५ पर्यंत ‘इयर बुक्स’ या नावाने न्यायालयीन युक्तिवादांची टिपणे लिहिली गेली. त्यांत निर्णयापेक्षा वकिलांच्या वादकौशल्यावर भर असे. पुढे प्लाउडन, कोक इत्यादींनी स्वतःच्या नावाने अहवाल काढले. त्यांचे मोल अहवालकाराच्या विश्वासार्हतेवर अवलंबून असे. अठराव्या शतकात जेम्स बरो यांनी वस्तुस्थिती, युक्तिवाद व निर्णय हे भाग वेगळे मांडण्याची शिस्त घालून दिली. १८६५ मध्ये वकीलवर्गाच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या मंडळाने अहवालांचे काम हाती घेतले आणि व्यक्तिगत अहवालांचे युग संपले.

भारतातही आरंभ व्यक्तिगत प्रयत्नांनीच झाला. मुंबई इलाख्यातील सदर अदालतीच्या निर्णयांचा बॉरोडेल यांचा संग्रह आणि मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांचा १८५३ मधील संग्रह हे त्याचे नमुने होत. १८६२ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे उच्च न्यायालये स्थापन झाल्यावर प्रत्येकाचे अहवाल निघू लागले. त्यांत एकसूत्रता आणण्यासाठी १८७५ चा भारतीय विधि-अहवाल अधिनियम करण्यात आला आणि १८७६ पासून ‘इंडियन लॉ रिपोर्ट्‌स’ ही शासकीय मालिका सुरू झाली. शासकीय अहवालाखेरीज अन्य अहवालातील उच्च न्यायालयीन निर्णय ऐकून घेण्यास न्यायालय बांधील नाही, असे या अधिनियमात म्हटले होते. व्यवहारात मात्र खाजगी अहवालांचा आधार घेतला जातच राहिला. रतनलाल व धीरजलाल यांचा ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ १८९९ मध्ये निघाला. नागपूरच्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चे खंड १९१४ पासूनच्या निर्णयांचे असून त्याच्या उभारणीचे श्रेय व्ही. व्ही. चितळे यांना दिले जाते. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत ‘सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्‌स’ १९५० पासून आणि लखनौचे खाजगी ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ १९६९ पासून प्रसिद्ध होत आहेत.

एकच निर्णय अनेक अहवालांत छापला जाऊ लागल्याने त्याचा ठावठिकाणा थोडक्यात सांगण्याची गरज निर्माण झाली. या संक्षिप्त निर्देशास ‘उद्धरण’ किंवा रूढ शब्दात ‘सायटेशन’ म्हणतात. ‘एआयआर १९७३ एससी १४६१’ हे केशवानंद भारती विरुद्ध केरळ राज्य या खटल्याचे उद्धरण असून त्यात अनुक्रमे अहवालाचे नाव, वर्ष, न्यायालय व पृष्ठ येतात. निर्णयाच्या आरंभी असणारी शीर्षटीप ही संपादकाची असते, न्यायाधीशाची नव्हे. ती शोधास उपयोगी असली, तरी न्यायालयाचे म्हणणे म्हणून तिचा आधार घेता येत नाही. नवशिक्याची चूक बहुधा येथेच होते.

निर्णय सापडल्यावर त्यातील बंधनकारक भाग कोणता, हा खरा प्रश्न असतो. वादाच्या निकालासाठी जे विधितत्त्व आवश्यक ठरले, तो ‘निर्णयाधार’ आणि ओघात व्यक्त झालेले मत ती ‘प्रासंगिक उक्ती’. संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. परंतु तो नेमका कोणता हे ठरविणे नेहमी सोपे नसते. केशवानंद खटल्यात तेरा न्यायाधीशांनी अकरा स्वतंत्र निर्णयपत्रे लिहिली. त्यामुळे नऊ न्यायाधीशांनी सह्या केलेला सारांश सोबत जोडावा लागला. अपिलात त्याच खटल्याचा निकाल बदलला, तर तो ‘फिरविला’ असे म्हणतात. नंतरच्या दुसऱ्या खटल्यात जुन्या निर्णयातील तत्त्वच चुकीचे ठरविले, तर तो पूर्वनिर्णय ‘निरस्त’ होतो. केशवानंद निर्णयाने १९६७ चा गोलकनाथ निर्णय असाच निरस्त केला. वस्तुस्थिती वेगळी असल्याने पूर्वनिर्णय लागू होत नाही असे दाखविणे, यास ‘भेददर्शन’ म्हणतात.

अल्पमतातील न्यायाधीशाचे ‘भिन्नमत’ बंधनकारक नसते. तरीही अहवालात ते अक्षरशः जपले जाते. आणीबाणीत स्थानबद्धांना न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असे १९७६ मध्ये जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या खटल्यात बहुमताने ठरले, न्या. ह. रा. खन्ना यांनी एकट्याने त्याविरुद्ध मत नोंदविले. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने गोपनीयतेच्या अधिकाराविषयीच्या पुट्टस्वामी खटल्यात तो बहुमताचा निर्णय निरस्त ठरविला. म्हणूनच, केवळ उद्धरण हाती येऊन भागत नाही. तो निर्णय आजही टिकून आहे किंवा नाही, हे पाहणे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते.

कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे तत्त्व जुने आहे. परंतु तो कायदा ज्या खंडांत असतो, ते सामान्य नागरिकास दीर्घकाळ दुर्मिळच होते. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की निर्णयाच्या मूळ मजकुरावर कोणाही प्रकाशकाचा स्वामित्वहक्क नाही. संपादकाने कौशल्याने घातलेल्या भरीपुरतेच संरक्षण मिळते. २०१९ पासून निवडक निर्णयांची मराठीसह काही भारतीय भाषांतील भाषांतरे न्यायालयाच्या संकेतस्थळावर येऊ लागली; तथापि इंग्रजी पाठच प्रमाण मानला जातो. २०२३ मध्ये अधिकृत अहवाल संगणकीय रूपात विनामूल्य खुले झाले आणि त्याच वर्षी कोणत्याही प्रकाशनावर अवलंबून नसलेले ‘तटस्थ उद्धरण’ अंमलात आले. ‘आयएनएससी’ हे त्याचे चिन्ह असून त्यामागे वर्ष व पुढे अनुक्रमांक असतो. प्रारंभी अहवालकाराच्या, पुढे प्रकाशकाच्या नावाने ओळखला जाणारा निर्णय अशा रीतीने तो देणाऱ्या न्यायालयाच्या नावाने ओळखला जाऊ लागला.