रस्त्याकाठचा हिरवा ट्रक



गेल्या महिन्यात कोळसा खाणीच्या पट्ट्यातल्या एका ताईंचा आपल्या केंद्रावर फोन आला. त्यांच्या घरामागून दिवसरात्र डंपर जातात. वाळत घातलेली लुगडी संध्याकाळी झटकली की काळी भुकटी उडते. खाण पुढे सरकतेय, गाव उठणार अशी कुजबुज आहे. त्या म्हणाल्या, "ह्याच्याहून मोठा डंपर असतो का हो कुठं?" विचारलं हसत हसत, पण प्रश्न आमच्या मनात राहिला. आम्ही चौघीजणी माहिती काढायला बसलो, आणि एका ट्रकापायी थेट कॅनडात जाऊन पोचलो.

या ट्रकाचं नाव टायटन. १९७४ साली कॅनडातल्या लंडन नावाच्या गावी जनरल मोटर्सच्या कारखान्यात तो तयार झाला. (इंग्लंडातलं लंडन नव्हे, ओंटारिओ प्रांतातलं.) त्यावर छाप टेरेक्सची. हे नाव दोन लॅटिन शब्द जोडून केलेलं, अर्थ भूमीचा राजा. राजाच तो! एका खेपेला ३१७ टन माल उचलायचा. ऊस कारखान्याला नेणारा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वीस टनांचा धरला, तर अशा सोळा खेपांचा ऊस याच्या एकाच हौद्यात. रिकाम्या गाडीचंच वजन २३१ टन. रुंदी इतकी की तीन एसट्या शेजारीशेजारी उभ्या कराव्यात. हौदा उचलला की उंची ५६ फूट. चाकं दहा, आणि एकेक टायर ११ फूट उंच. आपल्यातली एक दुसरीच्या खांद्यावर उभी राहिली, तरी तिचं डोकं टायरच्या वरच्या कडेला लागणार नाही.

एवढं धूड हलवायचं कशानं? ट्रकाचं इंजिन पुरणारच नव्हतं. म्हणून रेल्वेचं घेतलं. मालगाडी ओढणारं सोळा सिलिंडरचं डिझेल इंजिन, ३,३०० अश्वशक्तीचं. आपल्या विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटर असते, तशा ६६० मोटरी एकदम चालू केल्यासारखं. या इंजिनाला ६४५ म्हणतात, कारण त्याचा एकेक सिलिंडर ६४५ घन इंचांचा, म्हणजे साधारण साडेदहा लिटरचा. पाण्याची भरलेली कळशी डोळ्यांपुढे आणा; तेवढ्या पोकळीत दट्ट्या खालीवर होतो, आणि अशा सोळा. या घराण्याची पुढची पिढी, ७१० घन इंचांची, आपल्याकडेही आली. वाराणसीच्या कारखान्यात तशी रेल्वे इंजिनं बनली आणि त्यांनी आपल्या मालगाड्या ओढल्या.

आता गंमत अशी की हे इंजिन चाकांना थेट फिरवतच नाही. एवढा जोर झेपेल असा गिअरबॉक्स करणं अवघड. म्हणून इंजिन वीज तयार करतं, आणि ती वीज मागच्या चाकांकडच्या चार मोटरींना जाते. चाकं मोटरींवर फिरतात. रेल्वेच्या डिझेल इंजिनातही हेच चालतं. अशा गाड्यांत उतारावर काम उलटं होतं: चाकं मोटरींना फिरवतात, मोटरी वीज करतात, आणि त्या ओझ्यानं गाडी आपोआप धीमी होते. पाचशे टनांची भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवायची म्हटली तर ब्रेक जळूनच जायचे.

एवढी रुंद गाडी रस्त्यानं जाणार कशी? सुटी करून, रेल्वेच्या आठ वाघिणींवर लादून ती कॅलिफोर्नियातल्या ईगल माउंटन खाणीवर नेली. तिथं कैसर कंपनी वाळवंटात लोखंडाचं खनिज काढत होती, आणि कामगारांसाठी तिनं गावच वसवलं होतं. टायटन तिथं तीनएक वर्षं राबला. १९७८ साली त्याला पुन्हा कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या स्पारवुडच्या कोळसा खाणीवर नेलं. ती खाणही तेव्हा कैसरच्याच ताब्यात होती. तिथला कोळसा जहाजानं जपानच्या पोलाद कारखान्यांना जायचा. मागे ईगल माउंटनची खाण १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. खाण गेली तसं गावही गेलं. शाळा, दुकानं, घरं सगळी ओस.

स्पारवुडची गोष्ट मात्र ट्रकाच्याही आधीची आहे, आणि आम्हाला ती ट्रकापेक्षा मोठी वाटते. त्या खोऱ्यात मिशेल आणि नेटल अशी खाण कामगारांची दोन जुनी गावं होती. कोळशाची भट्टी गावाला लागूनच. भिंती, छपरं, अंगणं, सगळ्यांवर काळी पूड. ते कसं दिसतं हे घुग्घुसच्या नाहीतर वणीच्या बाईला आम्ही काय सांगायचं! १९६०च्या दशकात सरकारनं ठरवलं की ही गावं उठवायची आणि माणसं स्पारवुडला न्यायची. धूळ हे एक कारण होतंच. पण गावं होती हमरस्त्यावर, शेजारच्या प्रांतातून आत येण्याच्या वाटेवर. आल्या पाहुण्याला पहिल्यांदा ही काळवंडलेली घरं दिसणं बरं नाही, असाही सूर होता. घरं पाडली. मिळालेल्या पैशात नवं घर बसत नाही, ही अनेकांची तक्रार होती. जुनं घर काळं असेल, पण त्यावर कर्ज नव्हतं.

टायटन १९९१पर्यंत चालला. त्याच्यासारखा दुसरा कधी बनलाच नाही. बाजार मंदावला, एवढी मोठी गाडी घेणारं गिऱ्हाईक मिळेना, आणि १९८० साली जनरल मोटर्सनं टेरेक्सच विकून टाकली. एका खेपेत सर्वांत जास्त माल नेण्याचा त्याचा मान मात्र जवळजवळ पंचवीस वर्षं टिकला. आता बेलारूसमध्ये बनलेला बेलाझ ४५० टन उचलतो, पण त्याला दोन इंजिनं लागतात. आमच्या मते एका इंजिनावर राबणारा टायटनच थोर. यावर आमच्यात वाद आहे.

निवृत्त झालेला ट्रक भंगारात गेला नाही. स्पारवुडकरांनी तो रंगवून घेतला आणि गावात हमरस्त्याच्या कडेला उभा केला. आजही तो हिरवा ट्रक तिथं आहे. येणारे जाणारे गाड्या थांबवतात आणि टायरपाशी उभं राहून फोटो काढतात. म्हणजे ज्या रस्त्यावरून खाण कामगारांची घरं दिसायला नको होती, त्याच रस्त्यावर खाणीचा ट्रक दिसावा म्हणून मांडून ठेवलाय.

आम्ही त्या ताईंना फोन लावला आणि हे सगळं सांगितलं. ट्रकाची मापं ऐकून त्या नुसतं "अगं बाई!" म्हणाल्या. मिशेल आणि नेटलचं सांगायला लागलो तेव्हा त्यांनी आम्हाला मध्येच थांबवलं. "थांबा, पोरीला वही आणायला सांगते. सोमवारी ग्रामसभा आहे. ते घरांच्या पैशाचं परत एकदा सांगा, सावकाश."