मोहाचा माठ, ओले फडके आणि १८९२ चा कायदा

१/ आंबवण्याच्या प्रक्रियेत तापमान राखणे हे आधुनिक यंत्रांचे शास्त्र आहे, असा एक समज आहे. कर्जत-खालापूर परिसराचा इतिहास वेगळेच सांगतो. या थ्रेडमध्ये एका मातीच्या भांड्याची आणि त्याला गुन्ह्याच्या कक्षेत आणणाऱ्या कायद्याची गोष्ट पाहू.

२/ लोधिवली, चौक, कर्जत हा सह्याद्रीच्या पायथ्याचा पट्टा. येथील कातकरी आणि ठाकर समाजांत मोह हे अन्न, औषध आणि मद्य या तिन्हींचे झाड. फुले गळतात ती मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. वाळवलेली फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबवायची आणि मग तो सडवा भट्टीवर चढवायचा, ही रीत.

३/ अडचण उष्णतेची. यीस्ट साखरेचे मद्यार्क करते, तेव्हा स्वतःही उष्णता सोडते. तापमान फार चढले की यीस्ट दुबळे होते, आंबट करणारे जिवाणू बळावतात आणि सडवा बिघडतो.

४/ उपाय मातीतच होता. सच्छिद्र माठातून पाणी पाझरते, त्याचे बाष्प होते आणि बाष्प होताना ते उष्णता ओढून घेते. हवा ३८ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ३० टक्के असेल, तर या मार्गाने गारव्याची सीमा सुमारे २४ अंशांपर्यंत उतरते. प्रत्यक्षात माठ तितका गार होत नाही. पण फरक पडतो.

५/ याच भौतिकीमुळे पावसाळ्यात ही युक्ती निकामी ठरते. हवा ३० अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर जेमतेम दीड अंशाचाच लाभ. कोकणात ओल्या फडक्याची सत्ता ऋतूपुरती.

६/ दुसरा घटक आकाराचा. भांड्याचा व्यास दुप्पट केला की आतले द्रव्य आठपट होते, पृष्ठभाग मात्र चौपटच. म्हणून लहान माठ आपली उष्णता सहज टाकतो. मोठी टाकी ती साठवून ठेवते. घरगुती प्रमाण हेच एक शीतयंत्र होते.

७/ मोठ्या उद्योगाला ही सवलत नव्हती. एडवर्ड डायर यांनी १८५० च्या दशकात बिअरचा कारखाना काढला तो थंड हवेच्या कसौलीत. म्युनिकमध्ये कार्ल फॉन लिंडे यांचे शीतयंत्र १८७० च्या दशकात उभे राहिले तेही बिअर कारखान्याच्या गरजेतून.

८/ आता कायदा. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर गावोगावच्या भट्ट्यांऐवजी मोठ्या, देखरेखीखालील भट्ट्यांवर सरकारचा भर वाढला. उरण हे त्याचे मोठे केंद्र. कर वसूल करायला एक टाकी सोपी. हजार माठ अवघड.

९/ परंतु फुले रानात फुकट पडत होती. मग १८९२ चा मोह कायदा आला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. कर्जत आदल्याच वर्षी ठाण्यातून कुलाब्यात गेले होते. दोन्ही जिल्हे कायद्याच्या कक्षेत असल्याने सुटका कोठेच नव्हती.

१०/ येथे थोडे थांबावे. निर्बंध केवळ दारूवर नव्हता. मोहफुले ही टंचाईच्या दिवसांतले अन्नही होती. महसुलाच्या हिशेबात माठाबरोबर शिदोरीही संशयित ठरली.

११/ पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. विनापरवाना घरी मद्य तयार करणे महाराष्ट्रात आजही गुन्हा आहे. याउलट ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरवरील परवाना रद्द केला आणि अमेरिकेने १९७८ मध्ये, म्हणजे मुंबईच्या अबकारी कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, संघराज्य पातळीवर तिला मुभा दिली.

१२/ तेथील हौशी मंडळी आज बादली पाण्याच्या टबात ठेवतात, तिच्यावर ओला कपडा गुंडाळतात, शेजारी पंखा लावतात आणि त्याला घरगुती शीतयंत्र म्हणतात. तत्त्व तेच, माठाचे.

१३/ महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मोहफुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले. दारूने घरे उद्ध्वस्त केली हे सत्य आहेच. त्याचे उदात्तीकरण नको. पण एकच कौशल्य एका देशात छंद ठरते आणि दुसऱ्या देशात गुन्हा, तेव्हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावे: कायदा नेमका कशाचे रक्षण करत होता, आरोग्याचे की महसुलाचे?