शेवयांचा पाट आणि नूडल्सची कढई

जालना, अंबड, परतूर वा भोकरदन येथील कोणत्याही मध्यमवर्गीय घरात सुट्टीच्या संध्याकाळी मुलांना काय हवे असे विचारले, तर 'नूडल्स' हे उत्तर बहुधा येतेच. लोखंडी कढई तापते, लसूण परततो, कोबी आणि कांद्याची पात पडते, सोया सॉसचा वास घरभर पसरतो. ह्या दृश्याकडे परंपरेच्या ऱ्हासाची खूण म्हणून पाहण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आम्हांस मात्र हा इतिहास इतका सरळ वाटत नाही.

१ मे १९८१ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातून प्रामुख्याने वेगळा झालेला हा जिल्हा मूळचा ज्वारी-बाजरीचा मुलूख. रोजच्या ताटात भाकरी, गहू सणावाराचा. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्याने रेशनवरची परदेशी मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवरची सुकडी खाल्ली. अशा प्रदेशात गव्हाची लांब, बारीक तार ही अपूर्वाईचीच वस्तू होती, पण ती परकी नव्हती. तिचे नाव शेवई.

उन्हाळ्यात गहू ओलवून दळायचे, सपीट काढायचे, पीठ हात भरून येईपर्यंत तिंबायचे आणि तिरक्या पाटावर वळत तार ओढायची. हे एकटीचे काम नव्हेच. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या, असे करत आळीतल्या बायका वर्षाच्या शेवया पुऱ्या करीत. पुढे हाताने फिरवायचे यंत्र आले, तरी वाळवण राखायला माणसे लागतच. ह्या शेवया आधणात शिजवायच्या, वेळायच्या आणि दूध, तूप, गूळ घालून पाहुण्यापुढे ठेवायच्या.

१९८०च्या दशकात मॅगीची पाकिटे भारतात आली आणि पुढे सुट्या नूडल्सही किराणा दुकानांत दिसू लागल्या. घरातल्या बाईला त्या शिजवण्यासाठी फारसे नवे शिकावे लागले नसणार. आधण, वेळणे, चिकटू नये म्हणून तेलाचा हात हे सारे तिला ठाऊकच होते. नवे होते ते पुढचे. गोडाच्या जागी तिखट-आंबट आले आणि मंद आचेच्या जागी मोठी आच. गाडीवरच्या भट्टीइतकी आच घरच्या शेगडीला नसते. सगळे एकदम कढईत टाकले की भाज्यांना पाणी सुटते आणि नूडल्सचा लगदा होतो. म्हणून जाणत्या गृहिणी कढई धुरावेपर्यंत तापवतात आणि एका वेळी एका-दोघांपुरतेच परततात.

आता 'चायनीज' ह्या नावाविषयी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वॉरन हेस्टिंग्जने कलकत्त्याजवळ एका चिनी व्यापाऱ्याला जमीन दिली. त्याच्या नावावरून ते गाव अछिपूर म्हणून ओळखले जाते. पुढे कलकत्त्यात चिनी वस्ती वाढली. त्यांतल्या हाक्का लोकांनी टांगऱ्यात चामडे कमावण्याचे कारखाने काढले, आणि 'हक्का नूडल्स' हे पाकिटावरचे नाव त्यांचेच. १९६२च्या युद्धानंतर ह्याच समाजातील सुमारे तीन हजार माणसांना, त्यांत मुले आणि म्हातारीही आली, राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. काहींची सुटका व्हायला वर्षे लागली. अनेक कुटुंबे नंतर देश सोडून गेली. कलकत्त्यातच जन्मलेल्या नेल्सन वाँग ह्यांनी १९७५ साली मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये आले, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉस घालून 'मांचुरियन' केले, असे सांगितले जाते. म्हणजे ज्या चवीला आपण चिनी म्हणतो, ती बऱ्याच अंशी भारतीय चिन्यांनी भारतीय जिभेसाठी घडवलेली आहे. पदार्थ घरोघरी पोचला; माणसे मात्र आपल्या स्मरणात कोठेच नाहीत.

येथे आम्हांस एक साम्य दिसते. शेवया वळणाऱ्या बायकांचा उल्लेख इतिहासात नाही, आणि नूडल्स देणाऱ्या माणसांचाही नाही. दोन्हीकडे ताट लक्षात राहिले, हात विसरले गेले. नूडल्समुळे शेवई गेली ही तक्रार म्हणूनच अपुरी वाटते. ज्या कष्टाची आपण आठवण काढतो, तो करणाऱ्या बाईला कोणी विचारले असते, तर तिनेही कदाचित पाकिटच पसंत केले असते. गेले ते आळीचे एकत्र बसणे. त्याची हळहळ रास्त आहे, पण तिचा दोष कढईला देता येत नाही.

वाचकांना एवढीच विनंती: पुढच्या वेळी घरी नूडल्स परतल्या जातील तेव्हा आजीला जवळ बसवून तिच्या पाटाची हकिकत विचारावी आणि लिहून ठेवावी. त्याच पानावर देवळीची नोंदही करावी.