साखळीच्या पोटातलं तेल

वंगण हा शब्द आपल्या वऱ्हाडात सायकलीपेक्षा पुष्कळ जुना आहे. कापसाची बंडी अमरावतीच्या बाजाराकडे निघाली, की तिच्यासोबत वंगणाची नळीही निघायची. वाटेत चाक कुरकुरू लागलं, की बंडी थांबवायची, चाक सरकवायचं, आखावरचा जुना काळा लगदा चिंधीनं पुसायचा आणि मगच नवं वंगण लावायचं. आधी पुसणं, मग तेल, हा क्रम गाडीवानाला कोणी शाळेत शिकवला नव्हता. जुन्या लगद्यावर नवं वंगण थापलं, तर आख खाल्ला जातो, हे तो अनुभवानं शिकला होता. भातकुलीहून अमरावती पंधरा-सोळा किलोमीटर. बंडीला त्यासाठी अर्धा दिवस लागे. सायकलीनं तेच अंतर तासा-सव्वातासावर आणलं आणि मोटरसायकलनं अर्ध्या तासावर. वाहनं बदलली, पण गाडीवानाचा तो नियम बदलला नाही. सायकल आणि मोटरसायकल यांच्या चेनचा सगळा इतिहास म्हणजे या एका नियमाचाच इतिहास आहे, असं मला वाटतं.

आपला मुलूख कापसाचा, तसाच तेलबियांचाही. जवस, करडई, तीळ, भुईमूग, एरंडी हे सगळं इथं पिकलं आणि गावोगावच्या घाण्यांवर गाळलं गेलं. पण स्वयंपाकाला चालणारं प्रत्येक तेल यंत्राला चालत नाही. जवसाचं तेल हवेत वाळतं आणि त्याचा चिवट पापुद्रा होतो. म्हणून तर ते रंगात आणि रोगणात घालतात. करडईचं तेलही त्याच जातीचं. घरात हाताशी होतं म्हणून असं तेल ज्यांनी चेनला घातलं, त्यांची चेन पंधरवड्यात डिंक लावल्यासारखी झाली. खोबरेल वाळत नाही, पण साधारण चोवीस अंशांच्या खाली ते गोठतं, आणि आपल्याकडच्या डिसेंबरातल्या सकाळी त्याहून बऱ्याच गार असतात. या सगळ्यांत कामाचं ठरलं ते एरंडेल. ते दाट असतं, धातूला चिकटून राहतं आणि सहजासहजी वाळत नाही.

ही गोष्ट फक्त गाडीवानालाच ठाऊक होती असं नाही. १८६७ साली बडनेऱ्यावरून जाणारी रेल्वे नागपूरला पोचली. त्या काळात भारतातल्या रेल्वेवर वंगणासाठी एरंडेलच मोठ्या प्रमाणावर वापरत. पहिल्या महायुद्धात अनेक विमानांची एंजिनं एरंडेलावर चालली. १८९९ साली चार्ल्स वेकफिल्ड यांनी इंग्लंडमध्ये वंगणाची कंपनी काढली आणि १९०९ मध्ये एरंडेलाचा अंश असलेलं एंजिनाचं तेल बाजारात आणलं. एरंडीच्या इंग्रजी नावावरून त्या तेलाला कॅस्ट्रॉल हे नाव मिळालं. आज गॅरेजच्या भिंतीवर जी पाटी आपण वाचतो, तिच्यात आपल्या बांधावरची एरंडी अशी लपून बसली आहे.

आता चेनकडे वळू. सुरुवातीच्या उंच चाकाच्या सायकलीला चेन नव्हतीच, पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेलं असे. चेनच्या बळावर मागचं चाक फिरवणारी आणि दोन्ही चाकं जवळजवळ सारखी असलेली 'रोव्हर' सायकल जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ साली कव्हेंट्रीत तयार केली. ती धावू शकली, कारण पाच वर्षं आधी एक मोठं काम होऊन गेलं होतं. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले आणि मँचेस्टरला स्थायिक झालेले हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं होतं. त्यांनी केलं ते असं. कडीच्या मधोमध एक खुंटी. त्या खुंटीवर एक पोकळ नळी, तिला बुश म्हणतात. बुशवर पुन्हा एक फिरता रोलर. दात्यावर घासतो तो रोलर. खुंटी मात्र बुशच्या आत सुरक्षित राहते आणि खुंटी व बुश यांच्या मधल्या केसाएवढ्या फटीत तेल थांबतं. पुढे राईट बंधूंनी १९०३ मध्ये जे विमान उडवलं, त्याचे पंखेही चेननंच फिरत होते. ते दोघं मुळात सायकलवालेच.

म्हणजे चेनचं खरं तेल तिच्या पोटात असतं. बाहेरून चकाकणारं, पायजम्याला डाग पाडणारं तेल काहीच कामाचं नाही. उलट ते धूळ गोळा करतं. धूळ आणि तेल यांचा जो काळा लगदा होतो, तो वाळू घातलेल्या मलमासारखा असतो. तो फटीत शिरला, की खुंटी आणि बुश दोघांनाही खात जातो. आपण सहज म्हणतो की चेन लांबली. प्रत्यक्षात पोलाद ताणलं जात नाही, सांधे झिजतात. हिशेब करून पाहा. सायकलच्या चेनमध्ये साधारण ११२ सांधे असतात. प्रत्येक सांधा मिलिमीटरचा फक्त दहावा हिस्सा झिजला, तरी एकूण बेरीज अकरा मिलिमीटरच्या वर जाते. एका कडीचं माप १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. जवळजवळ एक अख्खी कडी वाढल्यासारखंच झालं! मग चेन दात्यांवर चढते, उतरते आणि नव्या दात्यांचेही सुळके करून टाकते.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांनी १९९९ मध्ये सायकलच्या चेनवर प्रयोग केले. चांगल्या चेनमधून पायाच्या जोराचा अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक भाग चाकापर्यंत पोचू शकतो, असं त्यांना आढळलं. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ हवेत तेल घातलं काय किंवा न घातलं काय, त्यात फारसा फरक पडला नाही. तेलाचं मोठं काम फटीतली जागा अडवून धुळीला आत येऊ न देणं हे असावं, असं त्यांचं मत पडलं. गाडीवानाच्या चिंधीला विद्यापीठानं दिलेली ही पावतीच म्हणायची.

धुळीला दूर ठेवण्याचे प्रयत्न पूर्वीपासून झाले. इंग्लंडमधल्या सनबीम सायकलींवर चेन बंद डब्यात, तेलाच्या छोट्या हौदात फिरत असे. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर सायकलींचे मोठे कारखाने उभे राहिले. १९४९ साली मद्रासला टी.आय., १९५१ साली सोनिपतला ॲटलस, १९५६ साली लुधियानाला हिरो. यातल्या अनेक सायकलींवर पूर्ण चेनकव्हर आलं. साठच्या दशकात राजदूत आणि जावा आल्या. १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडाच्या सीडी १०० वर चेन पूर्ण झाकलेली होती. पेट्रोल भरा, टाकी बंद करा आणि विसरून जा, असं तिची जाहिरात सांगायची. लोकांनी पेट्रोलबरोबर चेनलाही विसरायला सुरुवात केली. झाकण धूळ अडवतं हे खरं, पण झाकणाखाली काय चाललंय ते दिसत नाही, हेही तितकंच खरं.

भातकुलीसारख्या ठिकाणी या विसरण्याची किंमत जास्त मोजावी लागते. आपला तालुका पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्ट्यातला. उन्हाळ्यात काळ्या मातीची पिठासारखी धूळ उडते, ती झाकणाच्या फटीतून आत जाते. पावसाळ्यात पांधणीचा चिखल मडगार्डात इतका घट्ट बसतो, की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. त्यात जमिनीतलं पाणी खारं. दसऱ्याला आपल्याकडे सायकल आणि मोटरसायकल धुऊन, झेंडूचा हार घालून पुजतात. सुंदर प्रथा आहे. पण बोअरच्या खाऱ्या पाण्यानं धुतलेली चेन तशीच वाळू दिली, तर पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो आणि गंज लवकर धरतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलाचे खांदे शेकतो, चोळतो, तो फुलांच्या आधीचा मान असतो. चेनलाही हाराच्या आधी कोरडं फडकं आणि तेल मिळायला हवं.

हे ज्ञान इतकी वर्षं सांभाळलं ते रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या मिस्त्रीनं. मिस्त्री हा शब्दच पोर्तुगिजांच्या 'मेस्त्रे'वरून, म्हणजे उस्तादावरून, समुद्रमार्गे आला. आमच्या मोहल्ल्यातल्या मिस्त्रीच्या भाषेत पाना, पेचकस, छर्रे, कटोरी, फ्रायविल असे सगळ्या मुलखांचे शब्द एकाच डब्यात नांदत. मला कवितेपेक्षा त्या डब्याचा हेवा वाटे. तो चेन काढून रॉकेलात बुडवायचा, ब्रशनं घासायचा, वाळवायचा आणि मग तेल देऊन पुन्हा पुसायचा. ओव्हरहॉलिंगच्या मोजक्या पैशांत हे सारं यायचं. आता घाई आहे. गिऱ्हाईक उभ्या उभ्याच चेनवर तेल ओतायला सांगतं, आणि मिस्त्री एंजिनातून काढलेलं जळकं ऑईल ओततो. त्या तेलात धातूचा कीस आणि काजळी असते. ते चेनलाही वाईट आणि जमिनीलाही. जिथं गोड पाण्यासाठी इतकी वणवण होते, तिथं जळकं ऑईल नालीत सोडणं परवडणारं नाही.

करायचं काय, ते अगदी साधं आहे. सायकलची चेन फडक्यानं पुसा. प्रत्येक रोलरवर पातळ तेलाचा, अगदी शिलाई मशीनच्या तेलाचा चालेल, एकेक थेंब सोडा. पायडल थोडा वेळ उलटं फिरवा आणि वर राहिलेलं तेल पुसून टाका. मोटरसायकलची चेन उघडी असेल, तर साधारण दर पाचशे किलोमीटरला आणि पावसात त्याहून लवकर साफ करा. नव्वद नंबरचं गिअर ऑईल खालच्या बाजूच्या चेनवर, आतल्या अंगानं द्या, म्हणजे फिरताना ते सांध्यांत शिरतं. शक्यतो रात्री द्या, सकाळी पुसा. महाग गाड्यांच्या चेनमध्ये खुंटीजवळ रबराच्या बारीक कड्या असतात, त्या आतलं ग्रीस धरून ठेवतात. अशा चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावू नका. आणि एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत चेन कधीही पुसू नका. फडकं आत ओढलं जातं आणि त्याच्यासोबत बोटंही जातात. एंजिन बंद करा आणि चाक हातानं फिरवा.

एवढ्याशा कामाबद्दल इतकं का बोलायचं, असं कोणी विचारेल. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळाल्या. अशी सायकल मिळते तेव्हा तिच्यासोबत तेलाची कुपी आणि फडकं मिळतंच असं नाही, आणि ती पुसायची कशी हे सांगणारं माणूसही नाही. वर्ष-दीड वर्षात चेन गंजते, वारंवार उतरते, आणि काळ्या हातांनी, उशिरा शाळेत पोचलेली मुलगी एक दिवस सायकल भिंतीला टेकवून ठेवते. तिथून पुढे तिची शाळा एसटीच्या वेळेवर आणि घरच्यांच्या सवडीवर अवलंबून राहते. शाळांनी महिन्यातला एक तास यासाठी द्यावा. गावातल्या मिस्त्रीला सन्मानानं बोलवावं, त्याला त्याच्या तासाचे पैसे द्यावेत आणि मुलींच्या हातांनीच चेन काढवून, पुसवून, तेल घालून घ्यावं. मिस्त्रीचं दुकान तोवर टिकलेलं असेल, तर हे याच वर्षी सुरू करता येईल.