बहुतंत्रिकाशोथ : कारणमीमांसेचा इतिहास

बहुतंत्रिकाशोथ म्हणजे हातापायांकडे जाणाऱ्या अनेक तंत्रिकांचा एकाच वेळी होणारा विकार. मधुमेह हे त्याचे सर्वपरिचित कारण असले, तरी कुष्ठरोग, मद्यासक्ती, शिसे वा आर्सेनिक यांची विषबाधा, ब१२ जीवनसत्त्वाची न्यूनता व काही औषधे यांमुळेही तो उद्‌भवतो. या मधुमेहेतर कारणांपैकी बेरीबेरीच्या कारणाचा शोध विशेष उद्‌बोधक आहे.

बेरीबेरीत प्रथम पायांना मुंग्या येतात, पोटऱ्या दुखतात व पुढे पाऊल उचलणे अशक्य होते. काहींत हृदय निकामी होऊन मृत्यू ओढवतो. १८८२-८३ मध्ये रियूजो या जपानी प्रशिक्षण नौकेवरील ३७६ जणांपैकी १६९ जणांस हा रोग जडला व २५ दगावले. नौदलाचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी १८८४ मध्ये त्सुकुबा ही नौका त्याच मार्गाने, परंतु बदललेल्या आहारासह पाठविली, तेव्हा एकही मृत्यू झाला नाही. आहारात प्रथिने कमी पडतात ही त्यांची उपपत्ती चुकीची होती. उपाय मात्र अचूक ठरला. जपानी भूसेनेने तो वेळीच न स्वीकारल्यामुळे रशिया-जपान युद्धात (१९०४-०५) हजारो सैनिक या रोगाने मेले.

जंतुसिद्धांताचा पगडा असलेल्या त्या काळात डच वैद्य क्रिस्तीआन आयक्मान हे जावा बेटावर बेरीबेरीचा जंतूच शोधत होते. प्रयोगशाळेतील कोंबड्या लंगडू लागल्या व काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. रुग्णालयातील उरलेला पांढरा भात त्यांना घातला जाई. नव्या स्वयंपाक्याने तो देण्याचे नाकारताच रोग हटला होता. फॉर्डरमन यांनी जावातील तुरुंगांची पाहणी केली, तेव्हा बिनसडीचा तांदूळ खाणाऱ्या कैद्यांत हा रोग १०,००० मध्ये एकास, तर पूर्ण सडलेला तांदूळ खाणाऱ्यांत ३९ मध्ये एकास आढळला. तरीही भातात विष असून कोंड्यात त्याचा उतारा आहे, असेच आयक्मान मानीत. कोंड्याबरोबर एक आवश्यक पदार्थच निघून जातो, हे १९०१ मध्ये खेरिट ख्रायन्स यांनी मांडले. १९२९ च्या नोबेल पारितोषिकात आयक्मान यांना वाटा मिळाला. ख्रायन्स मात्र उपेक्षित राहिले.

१९२६ मध्ये यान्सेन व डोनाथ यांनी या पदार्थाचे स्फटिक मिळविले. आंध्रातील नेल्लोर येथे जन्मलेले अमेरिकन रसायनज्ञ रॉबर्ट विल्यम्स यांनी १९३६ मध्ये त्याचे संश्लेषण केले. हेच थायामीन किंवा ब१ जीवनसत्त्व होय. ग्लुकोजापासून ऊर्जा मिळविण्यास ते लागते आणि तंत्रिका प्रामुख्याने ग्लुकोजावरच विसंबून असल्याने त्याच्या अभावी त्यांची हानी होते. भात उकडून मग सडल्यास हे जीवनसत्त्व कोंड्यातून दाण्यात शिरते. कोकणातील उकड्या तांदळात ते म्हणूनच बरेचसे टिकते. पांढऱ्या तांदळामुळे होणारी बेरीबेरी आता विरळ झाली आहे. परंतु दीर्घकाळ मद्यपान करणारे, जठरावर शस्त्रक्रिया झालेले व गरोदरपणी सतत वांत्या होणाऱ्या स्त्रिया यांत ही न्यूनता अजूनही आढळते.