मोरवडचा सोमवार

प्रायश्चित्तकाळाच्या आरंभी आपण दरवर्षी तेच निश्चय करतो आणि काही आठवड्यांनी त्याच पापांची यादी घेऊन पुन्हा धर्मगुरूंपुढे गुडघे टेकतो. या पुनरावृत्तीची आपल्याला लाज वाटते. कित्येक जण तर लाजेपोटी पापनिवेदनालाच जाणे सोडून देतात. अशा वेळी आम्हांला नंदुरबार जिल्ह्याचा इतिहास आठवतो.

तेथील भिल्ल, पावरा, मावची बांधवांच्या घरी मोहाच्या दारूला पूर्वापार देवकार्यात आणि सणासुदीत स्थान होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ती घरी गाळणे गुन्हा ठरले. आदिवासी गुत्त्याच्या दारात उभा राहिला. दारूपाठोपाठ कर्ज आले आणि कर्जापाठोपाठ जमीनही गेली. व्यक्तीच्या दुबळेपणावर इतरांचा नफा कसा पोसला जातो, हे येथे स्पष्ट दिसते.

१९२२ साली या भागात 'देवी' आली. या चळवळीचा उगम आपल्या वसईपासून फार दूर नसलेल्या पालघरच्या किनाऱ्यावर, कोळी बांधवांच्या वस्तीत झाला होता. डोंगरदऱ्यांतून ती पश्चिम खानदेशात पोहोचली. अंगात आलेल्या माणसांच्या मुखातून देवी सांगे : दारू सोडा, मांस वर्ज्य करा, रोज स्नान करा. गावेच्या गावे व्यसनमुक्त झाली. पुढे देवीचा भर ओसरला आणि अनेकांची पावले पुन्हा गुत्त्याकडे वळली.

पंधरा-सोळा वर्षांनी तळोदा तालुक्यातील मोरवड गावी गुला महाराज या भिल्ल सत्पुरुषाने तेच व्रत पुन्हा दिले. त्यांच्याकडे दर सोमवारी आरती होई. दूरदूरच्या पाड्यांवरून हजारो माणसे पायी येत आणि दारू सोडण्याची शपथ घेत. १९३८ साली गुला महाराज निवर्तले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्य पुढे चालविले.

तरीही दारू संपली नाही. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. भजनी परंपरेतून आलेले अंबरसिंग महाराज तिचे एक नेते होते. त्या काळात आदिवासी स्त्रियांनी गावोगाव मोर्चे काढून दारूची मडकी फोडली. पन्नास वर्षांत एकच व्रत तीनदा घ्यावे लागले!

याला अपयश म्हणावे काय? उत्तर देण्यापूर्वी आपल्या ख्रिस्तसभेचा इतिहास पाहावा. आरंभीच्या शतकांत घोर पापासाठी जाहीर प्रायश्चित्ताची संधी आयुष्यात एकदाच मिळे. त्या भीतीने पुष्कळ जण ती मरणाच्या वेळेपर्यंत लांबवीत. ५८९ साली तोलेदोच्या तिसऱ्या धर्मपरिषदेने, जितक्या वेळा पाप करावे तितक्या वेळा क्षमा मागण्याच्या प्रथेवर कडक ताशेरे ओढले. परंतु आयर्लंडच्या संन्याशांनी खाजगी व पुनःपुन्हा करावयाच्या पापनिवेदनाची रीत युरोपभर नेली. अखेर १२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करणे सर्वांना बंधनकारक केले. एके काळी जे अनुचित ठरले होते, तेच पुढे श्रद्धावंतांचे कर्तव्य झाले. बंधूला किती वेळा क्षमा करावी, या पेत्राच्या प्रश्नाला प्रभूने दिलेल्या उत्तराचा अर्थ उमगायला ख्रिस्तसभेलाही शतके लागली.

अर्थात वारंवार मिळणारी क्षमा ही पापाला मुभा नव्हे. शहाद्याच्या स्त्रियांनी शपथेवर न थांबता मडकी फोडली. आपणही मोहाचे निमित्त घरात तसेच ठेवून पश्चात्ताप करीत असू, तर तो अपुराच राहील.

मोरवडला माणूस सोमवारी जाई, तो एकटा नसे. आठवडाभरात पाय घसरला असेल, तरी पुढचा सोमवार त्याची वाट पाहत असे. आपल्यालाही असा वार लाभला आहे. दर रविवारी मिस्साच्या आरंभी धर्मगुरू आणि लोक, श्रीमंत आणि गरीब, सारे एका आवाजात आपापले अपराध कबूल करतात. त्या आवाजात आपला आवाज मिसळत राहणे, हीच आध्यात्मिक वाढीची वाट आहे. ज्या दिवशी लाजेपोटी आपण तेथे जाणे सोडू, तो दिवस मात्र खऱ्या पराभवाचा असेल.