संमती : एका शब्दाचा इतिहास

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या फोंडाघाटातील आठदहा मुलेमुली एका संध्याकाळी माझ्या पडवीत येऊन बसली. कुणी कॉलेजात शिकणारी, कुणी शिकून नोकरीच्या शोधात असलेली, एक जण बापाच्या दुकानात बसणारा. त्यांनी एक पथक उभे केले होते. शाळाशाळांतून, वाडीवाडीतून, एसटी स्टँडवर जाऊन स्त्रियांवरील आणि मुलांवरील लैंगिक अत्याचारांविषयी उघडपणे बोलावयाचे, छोटे पथनाट्य करावयाचे, कायदा समजावून सांगावयाचा, असा त्यांचा बेत होता. 'गुरुजी, तुमी येवक व्हया,' असा त्यांचा आग्रह. मी म्हटले, 'अरे, मी जन्मभर इतिहास शिकवला. ह्या विषयात माझे काय काम?' त्यावर त्यांतली एक मुलगी म्हणाली, 'लोक आम्हांला विचारतात, असले विषय चव्हाट्यावर आणायची आपल्यात रीत तरी आहे का? त्याला आम्हांला उत्तर देता येत नाही. ते तुम्ही द्या.'

खरे सांगावयाचे तर मला संकोच वाटला. ज्या शब्दांचा उच्चार आमच्या पिढीने घरात कधी केला नाही, ते शब्द भर बाजारात ह्या वयात कसे उच्चारावयाचे? पण मग मला अप्पासाहेब पटवर्धन आठवले. कणकवलीस १९४८ साली गोपुरी आश्रम स्थापणारे हे कोकणचे गांधी सभेत उभे राहून मैला, मूत्र आणि संडास ह्यांवर तासतासभर बोलत. प्रतिष्ठित मंडळी नाकाला पदर लावीत. आज त्यांच्यापैकी कुणाच्या घरी संडास नाही? ज्या घाणीचे नाव घ्यावयाचे नाही ती घाण उपसली जात नाही, एवढे त्या माणसाने आम्हा कोकणवासीयांना शिकवले होते. तेव्हा मी त्या मुलांना होकार दिला आणि त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधावयास बसलो. त्या शोधात मला एका शब्दाचा इतिहास सापडला. तो शब्द म्हणजे 'संमती'.

ह्या विषयावर महाराष्ट्रात कोठेही बोला, श्रोत्यांतून पहिली आरोळी रांझ्याच्या पाटलाची येते. 'चौरंगा करा!' २८ जानेवारी १६४६ चे शिवाजी महाराजांचे ते पत्र आपणां सर्वांच्या अभिमानाचा विषय आहे आणि तो योग्यच आहे. खेडेबारे तरफेतील रांझे गावचा मोकदम बाबाजी गुजर ह्याचे हातपाय तोडले गेले, त्याची पाटिलकी काढली गेली आणि पुढे दंड घेऊन ती त्याच्याच गोतातील माणसास देण्यात आली. सत्ताधाऱ्याने आपल्याच वतनदारास शासन करावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्या पत्रात अपराध आला आहे तो 'बदअमल' ह्या एका मोघम शब्दाने. ती स्त्री त्यात नाही. पाटलाचे नाव आहे, पाटिलकी कुणास मिळाली ते आहे. कारण ते पत्र वतनाचे आहे. दोष पत्राचा नाही. आपण मात्र तीनशेपंचाहत्तर वर्षे त्या पत्रातून फक्त शिक्षा उचलली. तिचे पुढे काय झाले, तिचे म्हणणे कुणी ऐकले, हा प्रश्न आपणही विचारला नाही.

'संमती' हा शब्द मराठी सार्वजनिक जीवनात गाजला तो १८९० आणि १८९१ साली. कलकत्त्यास फुलमणी दासी नावाची दहाअकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मरण पावली. मुंबईचे बेहरामजी मलबारी ह्यांनी आधीपासूनच बालविवाहाविरुद्ध रान उठवले होते. सरकारने संमतिवय दहावरून बारावर नेण्याचे विधेयक आणले, आणि पुण्यात वादाचा वणवा पेटला. रानडे, भांडारकर एका बाजूस. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये म्हणणारे टिळक दुसऱ्या बाजूस. ज्या वसंत व्याख्यानमालेचा धागा आपण आज येथे पुढे नेत आहोत, ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास सुरू केलेली. तेव्हा व्याख्यानांचा आणि ह्या वादाचा संबंध फार जुना आहे. कायदा १८९१ साली झाला. पण त्या वादातील लेख चाळताना मन खिन्न होते. शास्त्र काय म्हणते, सरकारचा अधिकार किती, ह्यावर रीमच्या रीम कागद खर्ची पडले. संमती ही एक वयाची संख्या होऊन बसली. संमती द्यावयाची कुणी आणि ती नसली तर ओळखावयाची कशी, हा प्रश्न बाजूसच राहिला.

तो पुन्हा उभा राहिला आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, रानात. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेले देसाईगंज त्या वेळी चंद्रपूर जिल्ह्यात होते. २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मुलीला, तिच्या भावाने दिलेल्या तक्रारीच्या निमित्ताने, पोलीस ठाण्यात आणण्यात आले. वय चौदा ते सोळा, आईबाप नाहीत, मोलमजुरीवर पोट. जबाब संपल्यावर बाकीच्यांना जावयास सांगितले आणि तिला ठेवून घेतले. त्या ठाण्यातच एका शिपायाने तिच्यावर अत्याचार केला आणि एका हेडकॉन्स्टेबलने तिचा विनयभंग केला, अशी तिची फिर्याद. बाहेर जमलेल्या माणसांनी ठाणे जाळण्याची भाषा केली, तेव्हा कोठे ती फिर्याद लिहिली गेली. तिचे नाव देशभर झाले, खटला त्या नावानेच ओळखला जातो. मी मात्र ते येथे घेत नाही. का, ते पुढे येईल.

१९७४ साली सेशन्स कोर्टाने दोघांनाही सोडले. वैद्यकीय तपासणीवरून ती मुलगी 'सरावलेली' आहे असे ठरवण्यात आले आणि जे झाले ते तिच्या राजीखुशीने झाले असा निष्कर्ष निघाला. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. एकास पाच वर्षे, दुसऱ्यास एक वर्ष शिक्षा दिली. त्या निकालात एक फार मोलाचा भेद केला आहे : भीतीपोटी गप्प राहणे वेगळे आणि संमती देणे वेगळे. शरणागती म्हणजे संमती नव्हे. परंतु १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा निर्दोष सोडले. अंगावर जखमेची खूण नाही, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणून विरोध नव्हता आणि विरोध नव्हता म्हणून बळजबरी नव्हती, असा त्या निकालाचा रोख होता. रात्रीची वेळ, पोलीस ठाणे, गणवेशातील दोन पुरुष आणि एक पोरकी मजूर मुलगी. तिने ओरडून हाक मारावयाची तरी कुणाला? पोलिसांनाच ना?

निकालाला वर्ष उलटून एक दिवस झाला असताना, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांस एक उघडे पत्र लिहिले. दिल्लीचे उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार व रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. मला वाटते, आपल्या शाळेच्या पुस्तकांत ज्या पत्रांचा उल्लेख असावा त्यांत हे एक आहे. अध्यापकांनी देशातील सर्वोच्च न्यायासनास नम्रपणे पण ठासून विचारले की, मुलीला रात्री ठाण्यात बोलावणेच कायद्याला धरून नव्हते, त्याविषयी निकालात एक शब्दही का नसावा? आणि शरणागतीला संमती म्हणण्याचा आधार कोणता?

पत्र लिहून काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी पुढचा भाग ऐकावा. ते पत्र हातोहात फिरले. जानेवारी १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला, तोच पुढे नारी अत्याचार विरोधी मंच म्हणून ओळखला गेला. नागपुरात डॉ. सीमा साखरे ह्यांनी स्त्री अत्याचारांविरुद्ध काम उभे केले. ८ मार्च १९८० रोजी मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली अशा अनेक शहरांतून स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्यांत तरुण मुलींचा भरणा मोठा होता. खटल्याची फेरतपासणी करा, ही त्यांची मागणी. पोस्टरे, गाणी, पथनाट्ये. चाळीच्या पटांगणात, गिरणीच्या दारात, कॉलेजच्या फाटकाशी. माझ्या पडवीत आलेल्या मुलांना मी हेच सांगितले : तुम्ही नवीन रीत पाडीत नाही, चाळीसपंचेचाळीस वर्षांची वहिवाट पुढे चालवीत आहात. आणि नाटकाचे म्हणाल तर आमच्या दशावतारात द्रौपदी भर सभेत उभी राहून विचारतेच की, जो स्वतःला आधीच हरला होता त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार कोणता? सारा गाव रात्रभर जागून तो प्रसंग पाहतो. भीष्मद्रोण त्याचे उत्तर देत नाहीत, हेही पाहतो आणि पहाटे घोंगडी झटकून घरी जातो.

१९८३ साली फौजदारी कायदा बदलला. पोलीस, सरकारी नोकर, तुरुंगाचा किंवा इस्पितळाचा अधिकारी ह्यांच्या ताब्यात असलेल्या स्त्रीशी संबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि ती म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावयाचे. खटला बंद दरवाजाआड चालावयाचा. आणि पीडितेचे नाव छापावयाचे नाही. मी त्या मुलीचे नाव घेतले नाही ते ह्याचसाठी : ज्या संरक्षणासाठी तिचे नाव खर्ची पडले, ते संरक्षण तिला स्वतःला लाभले नाही.

त्याच १९८३ साली ज्योती म्हापसेकर ह्यांचे 'मुलगी झाली हो' स्त्रीमुक्ती संघटनेने रंगमंचावर आणले आणि गावोगाव नेले. पुरुष ह्यात उशिरा आले, हे कबूल केले पाहिजे. १९९१ मध्ये सी. वाय. गोपीनाथ ह्या पत्रकाराने, बायकोला मारणे ज्यांना मान्य नाही असे पुरुष हवेत, अशी हाक वर्तमानपत्रातून दिली. तिला प्रतिसाद देणाऱ्यांतून १९९३ साली मुंबईत 'मावा' ही संघटना उभी राहिली. हरीश सदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे 'युवा मैत्री' ह्या नावाने कॉलेजातील मुलांनाच तयार करून त्यांच्या वयाच्या मुलांशी बोलते केले. आमच्या पथकातील दुकानदाराचा मुलगा हे ऐकून फार खूश झाला. कारण 'हे बायकांचे काम, तू कशाला?' असे त्याला रोज ऐकावे लागते.

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीची घटना आपणांस आठवत असेल. त्या वेळीही फाशीची आरोळी उठली होती. न्यायमूर्ती जगदीशशरण वर्मा ह्यांच्या समितीकडे सुमारे ८०,००० सूचना आल्या आणि तिने महिन्याभरात अहवाल दिला. २०१३ च्या कायद्यात शिक्षा वाढल्या, त्याच लोकांच्या लक्षात राहिल्या. मला मात्र त्यातील एक लहानसे स्पष्टीकरण अधिक मोलाचे वाटते. संमती म्हणजे स्त्रीने शब्दाने, खुणेने किंवा अन्य प्रकारे निःसंदिग्धपणे, स्वखुशीने दिलेला होकार. आणि तिने अंगाने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असे धरता येणार नाही. देसाईगंजच्या त्या मुलीला जे म्हणावयाचे होते ते कायद्याने एकेचाळीस वर्षांनी लिहून घेतले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. 'सरावलेली' ठरवणारी ती वैद्यकीय चाचणी तर सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली पुन्हा एकदा बजावून बंद करावी लागली. आणि अठरा वर्षांवरील लग्नाच्या बायकोने नवऱ्याविरुद्ध अशी फिर्याद केली, तर बलात्काराचे कलम तिच्यासाठी आजही नाही. फुलमणीचा प्रश्न वयापुरता सुटला, एवढेच.

असो. पथकाचा पहिला कार्यक्रम आमच्या परिसरातील एका शाळेत झाला. मुलांनी नाट्य केले. अठरा वर्षांखालील मुलांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, तेथे संमतीचा प्रश्नच येत नाही, अडचणीत १०९८ वर फोन करावा, हे सांगितले. मला दहा मिनिटे दिली होती. मी रांझ्यापासून सुरुवात केली, देसाईगंजपर्यंत आलो, कायदा बदलला म्हणून सांगितले आणि खाली बसलो. मागच्या रांगेतून सातवीतल्या एका पोरीने विचारले, 'मगे त्या चेडवाचा काय झाला?'

मी पुन्हा उभा राहिलो. तिच्या खटल्याचा निकाल बदलला नाही. नवा कायदा मागच्या गुन्ह्याला लागत नाही. ते दोघे सुटले ते सुटलेच, असे तिला सांगितले. ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली, मग वहीत काहीतरी लिहू लागली.